म्हापसा-पणजी शटल: फेऱ्या टिकल्या तर बस टिकते

म्हापसा-पणजी शटलबद्दल लिहायचं तर सुरुवात तिकिटाच्या खिडकीपासून करावी लागते. कदंबची, म्हणजे गोवा सरकारच्या बस महामंडळाची, ही सेवा रोज वापरणाऱ्या कुणालाही विचारा, तो बसच्या आधी खिडकीचं नाव घेईल. स्टँडवर यायचं, रांगेत उभं राहायचं, तिकीट घ्यायचं आणि समोर लागलेल्या बसमध्ये चढून बसायचं. बस भरली की सुटते. तिकीट खालीच काढलेलं असतं, त्यामुळे वाटेत सुट्या पैशांवरून हुज्जत नाही. बोडगेश्वराचं देऊळ मागे पडलं की गिरी, पर्वरी आणि मांडवीचा पूल, मग थेट पणजीचा स्टँड. मध्ये कुठंही थांबा नाही. दुसरी बस मागे लागलेलीच असते, म्हणून एक चुकली तरी कुणी धावत नाही की दाराला लोंबकळत नाही. गोव्यात रोज बसने ये-जा करणाऱ्या बाईला ही केवढी मोठी गोष्ट वाटते, ते स्कूटरवाल्यांना सांगून कळायचं नाही.

माझं घर अस्नोड्याच्या बाजूला आत आणि नोकरी पणजीत. अठरा जून रस्त्यावरच्या एका दुकानाचे हिशेब मी लिहिते. सकाळी गावातून खाजगी बसने म्हापशाला, तिथून शटलने पणजी, आणि गावची शेवटची बस बंद होईपर्यंत संध्याकाळी हेच उलट. म्हणजे रोज दोन तऱ्हांच्या बस माझ्या वाट्याला येतात, आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक गादीचा, पंख्याचा किंवा रंगाचा नाही. शटलच्या गाड्याही सगळ्या काही नव्याकोऱ्या नसतात. पावसाळ्यात एखाद्या खिडकीची काच नीट बसत नाही, मग त्या बाजूची बाई पदर डोक्यावर घेऊन बसते. तरीही मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन, आणि ते सगळे फेऱ्यांचे.

फेऱ्यांचा हिशेब सोपा आहे, पण तो कुणी मांडताना दिसत नाही. समजा एका बसला म्हापशाहून पणजीला जाऊन, तिथं भरून परत यायला सगळं धरून दीड तास लागतो. दर दहा मिनिटांनी बस सोडायची तर नऊ बस लागतील. त्यातल्या तीन काढून घेतल्या तर दर पंधरा मिनिटांनी एक. इथवर सगळ्यांना समजतं. आता तिन्ही बस परत द्या, पण पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामामुळे कोंडी झाली आणि तेच जाणं-येणं दोन तासांवर गेलं असं धरा. नऊच्या नऊ बस रस्त्यावर असूनही दोन बसमधलं अंतर दहावरून तेरा मिनिटांवर जातं. एकही बस कमी न करता फेऱ्या कमी झाल्या. कागदावर सेवा तशीच, रांग मात्र लांबलेली. वाहतूक कोंडीबद्दल आपल्याकडे सगळे मोटारवाल्यांच्या बाजूने बोलतात. कोंडीत अडकलेली प्रत्येक बस पुढच्या स्टँडवरच्या माणसांची एक फेरी खात असते, हे कुणी बोलत नाही. पर्वरीत काम चालू असेपर्यंत गर्दीच्या वेळी शटलला पुढं काढायची काहीतरी सोय व्हायला हवी होती. चाळीस-पन्नास माणसांची गाडी आणि एका माणसाची गाडी एकाच रांगेत कुजत ठेवणं मला पटत नाही.

हे मी एवढ्या तळमळीनं लिहिते त्याला कारण आहे. माझं माहेर लालबागचं आणि बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, वडाळा आगारात. खांद्याला चामडी पिशवी, एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्या हातात पंच. तो पंच ते नुसताच टिकटिकवत बसमधून फिरायचे, म्हणजे कुणी झोपलेलं असलं तरी तिकिटाचे पैसे काढून तयार ठेवायचं. घरी आल्यावर पेटीत तिकिटांचे गठ्ठे रंगाप्रमाणे लावायचं काम माझ्याकडे असे. आकडे मी शाळेच्या आधी बसच्या कपाळावरून शिकले, कारण बेस्टच्या पुढच्या पाटीवर आकडे देवनागरीत असत. लाल आकडा म्हणजे लिमिटेड, ती प्रत्येक थांब्यावर उभी राहायची नाही, हेही तेव्हाच कळलं.

बाबा एक गोष्ट नेहमी सांगत: पहिली आणि शेवटची ट्रिप कधी मोजू नये. पहाटेच्या बसमध्ये चार माणसं असतात, रात्रीच्या बसमध्ये पाच. वरच्या साहेबाला वाटतं, डिझेल फुकट चाललं. पण रात्री अकराला परत न्यायला बस आहे, या भरवशावरच माणूस दुपारच्या बसने घराबाहेर पडतो. शेवटची बस काढून घेतली की दुपारची बसही रिकामी व्हायला लागते, आणि मग तीही काढून घ्यायला साहेबाला कारण मिळतं.

मुंबईत गेल्या पंधरा वर्षांत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथं पहिली मोटारबस 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. म्हणजे 2026 च्या जुलैत त्याला शंभर वर्षं होतात. 1947 च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ही सेवा महापालिकेकडे आली. 2010 च्या आसपास बेस्टकडे सुमारे 4,500 बस होत्या. 2025 मध्ये तो आकडा 3,000 च्याही खाली गेला. पंधरा वर्षं झालेल्या गाड्या भंगारात जात राहिल्या आणि त्यांच्या जागी स्वतःच्या नव्या गाड्या तितक्या आल्या नाहीत. पूर्वी बेस्टच्याच वीज विभागाच्या पैशातून बसचा तोटा भरून निघत असे. वीज नियामकांच्या व्यवस्थेत ती वाट बंद झाली. मग भाडेतत्त्वाच्या बस आल्या. गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, दुरुस्तीही त्याचीच, आणि त्याला पैसे किलोमीटरप्रमाणे. कागदावर हे स्वस्त पडतं. पण परवडत नाही म्हणून ठेकेदाराने काम सोडलं तर त्याच्या गाड्या एका झटक्यात रस्त्यावरून जातात, आणि मुंबईत असं खरंच झालं. दुसरीकडे डबल डेकर. जुन्या डिझेलवरच्या शेवटच्या डबल डेकरने 15 सप्टेंबर 2023 रोजी निरोप घेतला, तेव्हा लोक हार घेऊन आले होते. विजेवरच्या एसी डबल डेकर आल्या आहेत, छान आहेत, पण जुन्या डबल डेकर ज्या मार्गांवर होत्या त्या सगळ्यांना पुरतील एवढ्या त्या नाहीत.

भाड्याचा अनुभवही बोलका आहे. 2019 च्या जुलैत बेस्टने किमान भाडं 8 रुपयांवरून 5 रुपयांवर आणलं, तेव्हा रिक्षा-टॅक्सीकडे गेलेली माणसं लाखांनी परत आली. लोकांना बस नको होती हे खरं नव्हतंच, एवढं त्यातून दिसलं. पण परत आलेल्या माणसांना पुरेशा गाड्या द्यायला हव्या होत्या, त्या कमीच होत गेल्या. 2025 च्या मे महिन्यात किमान भाडं 10 रुपये झालं, एसीला 12. जास्त पैसे आणि कमी बस हे दोन्ही एकदम आलं की माणूस पुन्हा शेअर रिक्षा शोधतो किंवा हप्त्यावर स्कूटर घेतो. ती स्कूटर रस्त्यावर आली की कोंडी वाढते, बस आणखी हळू जाते, आणि वर मांडलेला तेरा मिनिटांचा हिशेब तिथं वीस-पंचवीस मिनिटांचा होतो.

मेट्रो आली, आता बस कशाला हवी, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. लांबचे मार्ग मध्ये तोडून स्टेशनापुरते छोटे करायचे, ही सध्याची पद्धत आहे. नकाशावर ती शहाणपणाची वाटते. पण आपल्या गोव्यातून टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्या माणसांचा विचार करा. कोकणकन्येनं मुंबईत उतरायचं, हातात फाइल आणि पिशवी, सोबत केमो घेतलेलं माणूस. त्याला एकच बस हवी असते, जी दारात चढवेल आणि परळला उतरवेल. एकदा बस, मग जिना, मग गाडी, मग पुन्हा बस हे त्याच्याच्यानं होत नाही. माझी बहीण अजून लालबागला असते. गावातलं कुणी टाटाला गेलं की माझ्याकडून तिचा फोन नंबर घेऊन जातं, आणि ती प्रत्येकाला आधी बसचं सांगते. टॅक्सीचे पैसे औषधाला राहतात, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता आपल्या दारात या. शटलचं कौतुक केलं ते मनापासून केलं, पण शटल म्हापशाला सोडते आणि माझं गाव त्याच्या पुढं आहे. गावाला जाणारी संध्याकाळची शेवटची खाजगी बस बंद झाली. मालकाचं नाव मी लिहीत नाही, माणूस वाईट नाही. एका संध्याकाळी स्टँडवर उभी होते, तेव्हा दुसऱ्या बसच्या कंडक्टरने हाक मारली, "बाय, ती गाडी आयज ना." दुसऱ्या दिवशीही ना. मग ती कायमचीच ना झाली. कुठं पाटी नाही, नोटीस नाही. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "वहिनी, रात्री सात माणसं मिळतात, ड्रायव्हर मिळत नाही, तुम्हीच सांगा काय करू?" त्याच्या बाजूनं त्याचं खरं होतं. डिझेल, टायर, विमा, कंडक्टरचा पगार हे सगळं त्याच्या एकट्याच्या खिशातून जातं.

पण त्या सात जणांचं पुढं काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण आम्ही सगळे एकमेकांना ओळखत होतो. शेजारची मुलगी म्हापशाला संगणकाचा क्लास करायची, ती सुटायची साडेसातला. तिनं क्लास सोडला. बेकरीत काम करणाऱ्या दोघांनी मिळून जुनी मोटरसायकल घेतली. एक मावशी मासे विकून परतायच्या, त्या आता पायलटला, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याला, पैसे देतात, म्हणजे त्या दिवसाच्या कमाईतली बरीच रक्कम तिथंच जाते. मी नवऱ्याला म्हापशाला बोलावते, तो कामावरून दमून आलेला असतो तरी येतो. आता बघा, यातला कुणी सकाळी बसने जातो का? बेकरीवाले जात नाहीत. मुलगी जात नाही. मलाही नवरा कधीकधी सकाळीच म्हापशाला सोडतो, कारण संध्याकाळी न्यायला यायचंच आहे तर त्याचा कामाचा रस्ताच तसा लावून घेतला. सकाळच्या बसमध्ये पूर्वी उभं राहावं लागायचं. हल्ली पुढच्या बाकावर, ड्रायव्हरच्या शेजारी, अबोलीचा हार घातलेल्या तसबिरीखाली जागा मिळते. मालक मला म्हणाला, सकाळीही हल्ली माणसं नाहीत. बाबांचं वाक्य त्याला सांगितलं. तो ऐकून घेतो, पण एका गाडीच्या मालकाला हे परवडणारच नाही. रिकामी शेवटची फेरी सांभाळायची ताकद दहा, वीस, शंभर गाड्या एकत्र चालवणाऱ्यालाच असते. सकाळी नऊच्या भरलेल्या गाडीतून रात्री आठच्या रिकाम्या गाडीचा खर्च काढायचा, यालाच सार्वजनिक सेवा म्हणतात.

गोव्याला हे नवीन सांगायला नको. 1978-79 साली इथल्या विद्यार्थ्यांनी बसच्या तिकिटात पन्नास टक्के सवलतीसाठी आंदोलन केलं. रस्ते अडले, कॉलेजं ओस पडली. तेव्हा बस म्हणजे बहुतेक खाजगी मालकांच्याच होत्या. त्यानंतर 1980 मध्ये कदंब महामंडळ आलं. माझ्या सासूबाई त्या काळातली गोष्ट सांगतात की सरकारी बस गावात पहिल्यांदा आली तेव्हा बायकांनी तिला ओवाळलं होतं. मुक्कामी बस गावात रात्री राहायची आणि पहाटे पहिली फेरी मारायची. ड्रायव्हर-कंडक्टरला कुणाच्या तरी घरून पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा जायचा. ते सासूबाई आजही एवढ्या मायेनं सांगतात की त्या बसशी गावाचं नातं होतं, हे पटतं.

आता सरकारकडे दोन नव्या गोष्टी आहेत आणि दोन्हींबद्दल मला आशा आहे. 2024 पासून पणजी शहरात स्मार्ट सिटीच्या विजेवर चालणाऱ्या बस आल्या. स्टँडवरून शहरात जायला त्या मला आवडतात. पायरी खाली असल्यानं गुडघे दुखणाऱ्या बायकाही सहज चढतात, आणि थांब्यावर उभी असताना इंजिनाची घरघर नसते. दुसरी गोष्ट म्हणजे 'म्हजी बस'. खाजगी मालकाची बस कदंबच्या व्यवस्थेत घ्यायची आणि त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे. माझ्या गावच्या मालकाचा प्रश्न नेमका इथं सुटू शकतो, कारण मग रात्री सात माणसं आली काय आणि सतरा आली काय, त्याचे किलोमीटर त्याला मिळणार. पण इथं मुंबईचा धडा डोळ्यांसमोर ठेवायला हवा. नुसते किलोमीटर मोजून पैसे दिले तर मालक गर्दीच्या वेळी फेऱ्या मारून आकडा पुरा करील आणि रात्रीची फेरी पुन्हा गळेल. करारात शेवटची फेरी वेगळी लिहिली पाहिजे. ती मारली नाही तर त्या दिवसाचे पैसे कापले पाहिजेत, आणि मारली तर जरा जास्तच दिले पाहिजेत. आणि ठेकेदार किंवा मालक निघून गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मार्गावर कुणाची गाडी जाणार, हे आधीच ठरलेलं हवं.

शटलला पाचवा गुण का दिला नाही, तेही सांगते. पर्वरीत ती थांबत नाही. शटल म्हणजे न थांबणारी, हे मला मान्य आहे, आणि ती थांबायला लागली तर माझीच वाट लांबेल. पण सचिवालय, विधानसभा आणि एवढी वस्ती असलेल्या पर्वरीच्या माणसाला डोळ्यांसमोरून भरलेली शटल जाताना बघत दुसऱ्या बसची वाट पाहावी लागते. म्हापसा-पर्वरी आणि पर्वरी-पणजी अशी वेगळी जोड सेवा असली तर दोघांचंही भलं होईल. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारामुळे रांग वाढते, तेव्हा टोपल्या घेऊन आलेल्या बायकांना शटल उपयोगाची नाही. त्यांना साधी बसच बरी, कंडक्टर टोपली मागच्या बाजूला चढवून देतो.

नव्या माणसासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. सकाळी आठ ते साडेनऊच्या मध्ये जायचं असेल तर रांगेसाठी थोडा वेळ हाताशी ठेवून या. रांग मोठी दिसते पण सरकते भराभर. सुटे पैसे जवळ ठेवा. संध्याकाळी परत यायचं असेल तर म्हापशाला उतरून पुढं कशानं जाणार, हे पणजीतून निघायच्या आधी फोनवर विचारून घ्या, कारण म्हापशानंतरची गावं आज रामभरोसे आहेत.

माझ्या गावची शेवटची फेरी 'म्हजी बस'मध्ये घेऊन पुन्हा सुरू करावी, असा अर्ज मी लिहिला आहे. फेरीची वेळ, पूर्वी त्यात बसणाऱ्या सातही जणांचं आता काय झालं, आणि सकाळच्या बसची माणसं कशी घटली, हे सगळं त्यात आहे. पंचायतीत त्याची प्रत ठेवली आहे. आमच्या आणि शेजारच्या वाड्यांवरच्या ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारपर्यंत करावी. सोमवारी मी दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन तो वाहतूक खात्यात देणार आहे आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठणार नाही.